आयडेंटिटी मॅपिंग काढलं, सीआर३ पुन्हा भरला, तरी पत्ता शून्य वाचता येतोय

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. एक्स८६-६४ साठी एक छोटं कर्नल लिहितोय, बहुतेक सी आणि सुरुवातीला थोडं असेम्ब्ली. ग्रब या बूटलोडरमधून मल्टीबूट२ ने बूट होतं, लाँग मोडमध्ये (६४ बिटी मोड) जातं, हायर हाफमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वरच्या अर्ध्या भागात, उडी मारतं. इथपर्यंत काही तक्रार नाही. अडलंय ते पुढच्या पायरीवर.

मांडणी अशी आहे. पहिले २ एमबी एकाच मोठ्या पेजने मॅप केलेत, पेज डिरेक्टरीतली ती नोंद हेक्स १८३. पीडीपीटी (पेज डिरेक्टरीच्या वरच्या पातळीचं टेबल) एकच ठेवली आहे आणि तिच्या ० व ५१० या दोन्ही नोंदी याच पेज डिरेक्टरीकडे जातात. पीएमएल४ (सगळ्यात वरचं टेबल) मध्येही ० आणि ५११ या नोंदी त्याच पीडीपीटीकडे. म्हणजे तीच मेमरी खाली पत्ता ० पासून दिसते (हे आयडेंटिटी मॅपिंग: व्हर्च्युअल आणि फिजिकल पत्ता एकच) आणि वर उणे २ जीबीपासूनही दिसते. पेजिंग चालू करताना सीआर४ या नियंत्रण रजिस्टरमध्ये हेक्स ए० लिहितो, म्हणजे पीएई (लाँग मोडला लागणारं पेजिंग) आणि पीजीई (ग्लोबल पेज) दोन्ही.

वर सी कोडमध्ये आल्यावर जीडीटी (सेगमेंटचं टेबल) नव्या पत्त्यावरून भरतो, आयडीटी (इंटरप्ट आणि फॉल्ट हँडलरांचं टेबल) लावतो, स्टॅक आधीच वरच्या पत्त्यावर असतो. मग पीएमएल४ ची ० वी नोंद पुसतो आणि सीआर३ मध्ये (पीएमएल४ चा पत्ता ठेवणारं रजिस्टर) तीच किंमत पुन्हा लिहितो. लगेच एक तपासणी: पत्ता ० वरून आठ बाइट वाचायचे. पेज फॉल्ट आला तर सगळं ठीक, नाही आला तर पॅनिक. वाचन इनलाइन असेम्ब्लीत आहे, त्यामुळे कंपायलरने ते उडवलं असेल ही शक्यता नाही.

क्यूएमूवर (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) दर वेळी पेज फॉल्ट येतो. बायोसवाल्या खऱ्या मशीनवर मात्र येत नाही. जे आठ बाइट हाती लागतात ते बायोसच्या इंटरप्ट व्हेक्टर टेबलाच्या पहिल्या दोन नोंदी आहेत, म्हणजे फिजिकल पत्ता ० खरोखर वाचला जातोय. त्याच मशीनवर पत्ता हेक्स ५००० वाचून पाहिला, तर तिथे अपेक्षेप्रमाणे फॉल्ट येतो! क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये 'इन्फो टीएलबी' टाकून पाहिलं (टीएलबी म्हणजे पत्त्यांची भाषांतरं साठवणारी प्रोसेसरमधली कॅश), खालच्या मॅपिंगचा मागमूस नाही.

सीआर३ लिहिला की टीएलबी रिकामा होतो असं जिथे तिथे वाचलंय. मग ही शिळी नोंद टिकते कशी? आणि ० वर टिकते, ५००० वर टिकत नाही, हा काय प्रकार?

रिंगशून्य

हेक्स १८३ चे बिट सुटे करून पाहा. १ म्हणजे पेज हजर आहे, २ म्हणजे लिहिता येतं, ८० म्हणजे मोठं पेज. उरतो १००, म्हणजे ८ वा बिट. तो ग्लोबल बिट आहे. आणि सीआर४ मध्ये तुम्ही पीजीई चालू केलंय, म्हणजे प्रोसेसर त्या बिटाला मान देतो. ग्लोबल नोंदी सीआर३ लिहून जात नाहीत. तो बिट त्याच कामासाठी आहे.

यामागचा इतिहास माहीत असला की हे डोक्यात पक्कं बसतं. ३८६ वर टीएलबी साफ करायचा तर सीआर३ पुन्हा भरणं एवढाच उपाय होता, सगळं जायचं. ४८६ ने इन्व्हलपीजी ही सूचना आणली, एका पत्त्यापुरती सफाई करता येऊ लागली. तरी दर प्रोसेस बदलाला सीआर३ बदलतोच आणि त्यासोबत कर्नलच्या नोंदीही पुसल्या जातात. त्या तर सगळ्या प्रोसेसमध्ये सारख्याच असतात, पुन्हा पुन्हा टेबल चालून आणायच्या कशाला? म्हणून पेंटियम प्रो मध्ये ग्लोबल बिट आला. तेव्हापासून 'सीआर३ लिहिला की टीएलबी रिकामा' हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि अजून ते जसंच्या तसं एकाकडून दुसऱ्याकडे जातंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. नव्याने कर्नल लिहिणारा प्रत्येक जण याच खड्ड्याजवळून जातो.

तुमच्या वरच्या मॅपिंगसाठी ग्लोबल बिट अगदी योग्य आहे. अडचण एवढीच, की खालचं आणि वरचं मॅपिंग एकाच पेज डिरेक्टरीतून जातं, त्यामुळे तोच बिट आयडेंटिटी मॅपिंगलाही लागला. जी नोंद थोड्या वेळात काढून टाकायची आहे ती तुम्ही प्रोसेसरला 'ही कायम राहणार' म्हणून दिलीत.

आता क्यूएमू. केव्हीएमशिवाय (खऱ्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सची सोय) चालवत असाल तर तिथे टीसीजी, म्हणजे सूचनांचं सॉफ्टवेअरमधलं भाषांतर, असतं. ते स्वतःचा सॉफ्टवेअरमधला टीएलबी ठेवतं आणि एक्स८६ वर सीआर३ लिहिला की तो सगळाच्या सगळा पुसतं, ग्लोबल बिटाकडे बघत नाही. यात क्यूएमूची चूक नाही. सांगितल्यापेक्षा जास्त नोंदी टाकून द्यायला प्रोसेसरला मुभाच आहे. उलट, नोंद टिकेलच असं धरून कोड लिहिणं चूक, आणि ती जाईलच असं धरणंही चूक. केव्हीएम लावून चालवा, तिथे खरा टीएलबी वापरला जातो, दोष तिथे दिसण्याची शक्यता बरीच जास्त.

'इन्फो टीएलबी' च्या नावावर जाऊ नका. ती आज्ञा सीआर३ पासून पेज टेबलं चालत जाते आणि जे सापडेल ते छापते. टीएलबीत काय साठलंय ते ती दाखवत नाही. टेबल स्वच्छ आणि टीएलबी शिळा, हीच तर तुमची परिस्थिती. ती या आज्ञेतून दिसणं शक्यच नाही.

० आणि ५००० मधला फरक हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात सुंदर भाग आहे. तुम्ही २ एमबीचं एक पेज मांडलंत, पण पहिल्या १ एमबीत एमटीआरआर (मेमरीच्या पट्ट्यांचे प्रकार ठरवणारी रजिस्टरं) वेगवेगळे मेमरी प्रकार सांगतात. साधी रॅम कॅश होणारी, हेक्स ए०००० पासूनचा व्हीजीएचा पट्टा कॅश न होणारा. एका मोठ्या टीएलबी नोंदीला एकच प्रकार लावता येतो. अशा मिश्र पट्ट्यावर मोठं पेज पडलं तर इंटेलचे प्रोसेसर ते टीएलबीत ४ केबीच्या तुकड्यांनी साठवतात. म्हणजे ज्या तुकड्याला कोणी हात लावला तेवढाच आत येतो. ५००० च्या तुकड्याला कोणी शिवलं नसावं, तो टीएलबीत नाही, प्रोसेसर टेबल चालतो, पीएमएल४ ची ० वी नोंद रिकामी दिसते, फॉल्ट. शून्याच्या तुकड्याला मात्र कोणीतरी शिवलंय. आणि सीआर३ लिहिण्याच्या थोडंच आधी शिवलं असावं, नाहीतर तो एव्हाना बाहेर पडला असता.

तर मला सांगा, तुमचा कोड पहिल्या ४ केबीत कुठे वाचतो? बायोस डेटा एरिया हेक्स ४०० पासून सुरू होतो. तिथून काही घेता का?

दुरुस्तीचं म्हणाल, तर मला सगळ्यात पटणारी ही: बूटच्या असेम्ब्लीत सीआर४ मध्ये फक्त हेक्स २० लिहा, म्हणजे नुसतं पीएई. पीजीई बंद असताना ग्लोबल बिटाकडे प्रोसेसर दुर्लक्ष करतो. आयडेंटिटी मॅपिंग पुसा, सीआर३ लिहा, आणि त्यानंतर पीजीई चालू करा. पीजीई बदलला की, मग तो चालू होवो वा बंद, ग्लोबल धरून सगळा टीएलबी साफ होतो. त्यामुळे दुहेरी खात्री. शिवाय इंटेलची पुस्तिकाही आधी पेजिंग चालू करा, मग पीजीई, असाच क्रम सांगते. तुम्ही ए० एकदम लिहिताय तो क्रम तसाही उलटा आहे.

असेम्ब्लीला हात लावायचा नसेल तर सीआर४ वाचा, ७ वा बिट काढून लिहा, मग मूळ किंमत परत लिहा. इन्व्हलपीजी पत्ता ० वर चालवली तर ती ग्लोबल नोंदही काढते, पण इथे मोठं पेज तुकड्यांत साठलंय आणि टेबलातली नोंद तुम्ही आधीच पुसलेली असणार. एका इन्व्हलपीजीत सगळे तुकडे जातील यावर मी विसंबणार नाही. बूटच्या वेळी पूर्ण सफाईची किंमत नगण्य असते, ती करा.

आणखी एक पाहून घ्या. सीआर३ किंवा सीआर४ लिहिणाऱ्या तुमच्या इनलाइन असेम्ब्लीला 'मेमरी' क्लॉबर (ही ओळ मेमरी बदलते अशी कंपायलरला सूचना) आहे ना? नसेल तर पीएमएल४ ची नोंद पुसणारं लेखन कंपायलर त्या ओळीच्या खाली ढकलू शकतो. मग सफाई आधी आणि पुसणं नंतर. प्रोसेसर मधल्या वेळात आपणहून, अंदाजाने, जुनी नोंद पुन्हा आत आणू शकतो. तुम्ही तो पत्ता वाचायलाच हवा अशी अट नाही.

कोरी_पाटी

पीडीपीटी वाटून घेतल्यामुळे ग्लोबल बिट खाली लागला हे ध्यानातच येत नव्हतं, धन्यवाद. क्लॉबर आहे, डिसअसेम्ब्ली पाहून खात्री केली, क्रम बरोबर आहे.

तुम्ही सांगितलं तसं बूटमध्ये हेक्स २० ठेवलं आणि पीएमएल४ पुसल्यावर पीजीई चालू केला. क्यूएमूवर छान. खऱ्या मशीनवर आता पीजीई चालू झाल्या झाल्या सीरियलवरचं लिखाण थांबतं आणि मशीन रीसेट होतं. 'तपासणी सुरू' हा संदेशसुद्धा उमटत नाही. आधी निदान कर्नल पुढे तरी जात होतं.

बायोस डेटा एरियाबद्दल: हो, सीरियल ड्रायव्हर कॉम१ चा पोर्ट हेक्स ४०० वरच्या शब्दातून घेतो. अक्षर पाठवणाऱ्या फंक्शनमध्येच ते वाचन आहे. क्यूएमूसाठीचं बिल्ड सीरियल वापरत नाही, ते ई९ या डिबग पोर्टवर लिहितं.

रिंगशून्य

दोन्ही कोडी एकाच ओळीत सुटली.

दर अक्षराला हेक्स ४०० वाचलं जात होतं, म्हणजे शून्याच्या तुकड्याची नोंद टीएलबीत सतत ताजी राहत होती. सीआर३ लिहिण्यापूर्वीचा शेवटचा संदेश छापला तेव्हा ती वापरली गेली, ग्लोबल असल्यामुळे सीआर३ लिहूनही टिकली, आणि तुमच्या तपासणीला पत्ता ० उघडा सापडला. त्यानंतर छापलेला प्रत्येक संदेश त्याच शिळ्या नोंदीच्या जिवावर बाहेर येत होता. 'आधी निदान पुढे तरी जात होतं' म्हणता ना, ते पुढे जाणं त्या नोंदीवर उभं होतं. टीएलबीत गर्दी होऊन ती नोंद बाहेर पडली असती त्या क्षणी हेच रीसेट आलं असतं. फक्त ते कधी आलं असतं याचा पत्ता लागला नसता. स्मरणवाटप सुरू झाल्यावर, शेड्युलर आल्यावर, कुठेही. आज ते नेमक्या ओळीवर येतंय, ही फार चांगली गोष्ट आहे.

आता रीसेट कसं होतं ते पाहू. नोंद गेली. पहिला संदेश छापायला गेलात, हेक्स ४०० वर पेज फॉल्ट. तुमचा फॉल्ट हँडलर काय करतो? बहुधा सीआर२ (फॉल्ट आलेला पत्ता) छापतो. छापायला तेच फंक्शन, पुन्हा हेक्स ४००, पुन्हा फॉल्ट. हँडलर चालू असताना आलेला पेज फॉल्ट हा डबल फॉल्ट (फॉल्ट पोचवतानाच आलेला दुसरा फॉल्ट) नसतो, तो नुसता आणखी एक पेज फॉल्ट असतो. त्यामुळे ही साखळी चालूच राहते आणि स्टॅक खाली खाली सरकतो. स्टॅकखाली गार्ड पेज (मुद्दाम न मॅप केलेलं पेज) नसेल, आणि सगळं एकाच २ एमबीच्या पेजमध्ये आहे म्हणजे नसणारच, तर तो बीएसएसमधल्या (शून्याने सुरू होणाऱ्या चलांचा भाग) शेजाऱ्यांवर लिहीत जातो. कित्येक बूट फायलींत पेज टेबलं स्टॅकच्या लगेच आधी ठेवलेली असतात. तुमचीही तशीच असतील तर शेवटी त्यांच्यावरच लेखन होतं, मग डबल फॉल्टही धड पोचवता येत नाही, ट्रिपल फॉल्ट, रीसेट.

उपाय सोपा. आयडेंटिटी मॅपिंग जिवंत आहे तोवर पोर्टचा क्रमांक एकदाच वाचा आणि एका स्थिर चलात ठेवा. किंवा हेक्स ४०० ला वरच्या मॅपिंगमधून वाचा, तो पहिल्या २ एमबीतच आहे. मी पहिलाच पर्याय घेईन. फॉल्ट हँडलर ज्या कोडवर अवलंबून आहे त्याने मेमरीतला कोणताही लवकरच जाणारा पत्ता वाचू नये.

आणि हात घातलाच आहे तर तुमच्या बाकी कोडमध्ये खालचे पत्ते कुठे कुठे राहिलेत ते आताच शोधा. मल्टीबूटने दिलेल्या माहितीचा पॉइंटर फिजिकल असतो. तो तसाच एखाद्या स्ट्रक्चरमध्ये पडून असतो आणि मेमरीचा नकाशा वाचताना वर येतो. एसीपीआयच्या (फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं ती) टेबलांत आतले पत्तेही फिजिकलच. व्हीजीए मजकुराचा हेक्स बी८००० तर बहुतेकांच्या कोडमध्ये जसाच्या तसा लिहिलेला सापडतो.

तपासणी मात्र ठेवा, फक्त ती थोडी कडक करा. सध्या ती फॉल्ट येतो का एवढंच पाहते आणि नोंद आधी आत होती की नव्हती हे नशिबावर सोडते. पुसण्याआधी पत्ता ०, ५००० आणि १ एमबीच्या पलीकडचा एखादा पत्ता मुद्दाम वाचा, नोंदी आत येऊ द्या. मग पुसा, सफाई करा, आणि तेच तीनही पत्ते पुन्हा वाचून प्रत्येकावर फॉल्ट मागा. अशी तपासणी आधी असती तर तुमच्या जुन्या कोडवर ५००० सुद्धा बहुतेक उघडा सापडला असता.

कोरी_पाटी

चाललं. पोर्ट एकदाच वाचून ठेवला, तीनही पत्त्यांवर फॉल्ट येतोय, खऱ्या मशीनवर. आणि अंदाज खरा निघाला, लिंकरचा नकाशा पाहिला तर पेज टेबलं स्टॅकच्या बरोबर खाली आहेत. मधे एक न मॅप केलेलं पेज सोडायचं तर आता ४ केबीची टेबलं करावी लागतील, तेच पुढचं काम.

पुढे हे कर्नल रिस्क-५ वर न्यायचा विचार आहे, आणि त्याआधी इथेच बाकीचे कोअर उठवायचे आहेत. या दोन्हींत टीएलबीच्या बाबतीत काय बदलतं? विषय हाच आहे म्हणून नवा धागा न काढता इथेच विचारतो.

आडवाट

रिस्क-५ आणि आर्म६४ दोन्हींवर काम करतो, म्हणून तेवढं लिहितो.

एक्स८६ ची एक सवय आधी सोडावी लागेल. तिथे नोंद 'हजर नाही' पासून 'हजर' केली तर सफाईची गरज नसते, कारण हजर नसलेली नोंद टीएलबीत साठवली जात नाही. रिस्क-५ मध्ये अवैध नोंद साठवायला मूळ विनिर्देश मुभा देतो. म्हणजे नवं मॅपिंग टाकल्यावरसुद्धा एसफेन्स-व्हीएमए (टीएलबी सफाईची सूचना) हवं, नाहीतर नुकत्याच मॅप केलेल्या पत्त्यावर फॉल्ट येऊ शकतो आणि टेबलात बघावं तर सगळं बरोबर. पुढे एक विस्तार आला आहे जो ही हमी देतो, पण तो असेलच असं धरून बूटचा कोड लिहू नका.

दुसरं, सॅटप रजिस्टर (सीआर३ चा इथला जोडीदार) लिहिल्याने काहीच साफ होत नाही. एक्स८६ वर सीआर३ लिहिला की निदान ग्लोबल नसलेलं तरी जातं. इथे टेबल बदलणं आणि सफाई करणं ही दोन वेगळी कामं आहेत. लिनक्सच्या रिस्क-५ बूट कोडमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. पेजिंग चालू करायच्या आधी एक पूर्ण एसफेन्स-व्हीएमए, कारण टेबलं नुकतीच लिहिलीत. मग सॅटपमध्ये ट्रॅम्पोलिनचं, म्हणजे वर उडी मारण्यापुरतं तात्पुरतं, टेबल. तिथे आयडेंटिटी मॅपिंग नसतंच! ट्रॅपचा पत्ता आधीच पुढच्या ओळीच्या व्हर्च्युअल पत्त्यावर लावून ठेवलेला असतो. पेजिंग चालू झालं की पुढची सूचना आणताना फॉल्ट येतो आणि तो फॉल्टच कर्नलला वरच्या पत्त्यावर नेऊन सोडतो. त्यानंतर खरं टेबल सॅटपमध्ये आणि पुन्हा पूर्ण एसफेन्स, कारण ट्रॅम्पोलिनच्या नोंदी फक्त पहिल्या मोठ्या पेजपुरत्याच बरोबर असतात. आयडेंटिटी मॅपिंग काढायचं राहून जाण्याची भीतीच नाही, ते केलेलंच नसतं. मला ही रचना मनापासून आवडते.

आर्म६४ वर जाल तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. रीसेटनंतर टीएलबीत काय आहे ते अज्ञात मानायचं, म्हणून एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) चालू करण्याआधी स्थानिक टीएलबी पूर्ण अवैध करायचा आणि पुढे डीएसबी, आयएसबी हे अडथळे. टीटीबीआर (टेबलाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) लिहिल्याने इथेही काही साफ होत नाही. आणि वैध नोंदीवरून थेट दुसऱ्या वैध नोंदीवर उडी मारायची नाही. म्हणजे तुम्ही वर म्हणालात तसं २ एमबीचं पेज फोडून ४ केबीचं टेबल लावताना आधी नोंद अवैध लिहा, अडथळा, टीएलबीआय (टीएलबी सफाईची सूचना), पुन्हा अडथळा, आणि मगच नवी नोंद. हे पाळलं नाही तर एकाच पत्त्याला दोन आकारांच्या नोंदी जुळून टीएलबी कॉन्फ्लिक्ट अबॉर्ट येऊ शकतो. कर्नल ज्या पेजवरून स्वतः चालतंय तेच फोडायचं असेल तर मधल्या क्षणी पायाखाली काहीच नसतं. म्हणून हे काम वेगळ्या टेबलावर उभं राहून करतात, किंवा पहिल्यापासूनच बारीक टेबलं मांडतात. तुम्ही आत्ताच एक्स८६ वर बारीक टेबलं करणार आहात, तर मांडणी बूटच्या वेळीच बारीक ठेवा, पुढे त्रास वाचेल.

आर्मवर पत्त्यानुसार सफाई करताना टीएलबीआयला पत्ता १२ बिट उजवीकडे सरकवून द्यायचा असतो, वरच्या १६ बिटांत एएसआयडी (पत्ता-अवकाशाचा क्रमांक). आख्खा पत्ता तसाच दिला तर सूचना बिनतक्रार चालते आणि भलत्याच पेजची सफाई होते. हा दोष मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये वारंवार पाहिलाय. लक्षण तुमच्यासारखंच असतं, टेबल बरोबर आणि वागणं जुनं.

दुसरा_कोअर

मी फक्त कोअर उठवण्याबद्दल लिहितो.

प्रत्येक कोअरचा टीएलबी स्वतंत्र. तुमच्या पहिल्या कोअरवरची सफाई दुसऱ्याला कळत नाही. पण सुरुवातीला अडचण उलटी येते. नवा कोअर स्टार्टअप आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) मिळाल्यावर १ एमबीच्या खालच्या एका पेजवर रिअल मोडमध्ये जागा होतो. तिथून पेजिंग चालू करताना त्याच्या पायाखाली आयडेंटिटी मॅपिंग हवंच, आणि तुम्ही ते आता नीट काढून टाकलंय. मुख्य टेबल त्याच्या सीआर३ मध्ये दिलंत तर पेजिंग चालू होताच ट्रिपल फॉल्ट. काही जण यावर उपाय म्हणून आयडेंटिटी मॅपिंग सगळे कोअर उठेपर्यंत ठेवतात. तसं करू नका. ट्रॅम्पोलिनसाठी वेगळं पीएमएल४ बनवा, त्यात ते एक खालचं पेज आणि वरचं कर्नल एवढंच. नवा कोअर त्यावरून वर उडी मारेल, खरा सीआर३ भरेल आणि मगच पीजीई चालू करेल. लिनक्सचा ६४ बिटी बूट कोडही सीआर३ बदलल्यावर पीजीई बंद-चालू करून ग्लोबल सफाई करतो, आणि कारणही तेच, आयडेंटिटी मॅपिंगच्या नोंदी मागे राहू नयेत.

आता एक बारीक फट. नव्या कोअरने मुख्य टेबल भरलं, पण तुमच्या 'चालू कोअर' यादीत त्याचा बिट अजून लागला नाही. नेमक्या त्या वेळात पहिल्या कोअरने एखादं कर्नल मॅपिंग काढलं आणि यादीतल्यांनाच सफाईचा आयपीआय पाठवला, तर नवा कोअर सुटतो, त्याच्याकडे शिळी नोंद राहते. म्हणून नव्या कोअरने यादीत स्वतःचा बिट लावल्यानंतर एकदा पूर्ण सफाई करावी, ग्लोबलसकट. त्यापुढे जे काही बदलेल त्याचा आयपीआय त्याला मिळेल, त्याआधीचं सगळं त्या सफाईत गेलं. क्रम उलटा केला तर फट तशीच राहते.

शक्य असेल तर बूटमधली सगळी काढघाल इतर कोअर उठवण्याआधीच उरकून घ्या. तात्पुरत्या मॅपिंगसाठी ठरावीक जागा पुन्हा पुन्हा वापरत असाल, एसीपीआय टेबलं वाचताना बहुतेक सगळे वापरतात, तर त्या जागांवर ग्लोबल बिट लावू नका आणि जागेत नवं पान टाकलं की इन्व्हलपीजी चालवा. एका टेबलाचे बाइट वाचतोय असं वाटतं आणि हाती मागच्या टेबलाचे येतात. चेकसम तपासत असाल तरच ते पकडलं जातं.

रिंगशून्य

दोन राहिलेल्या गोष्टी, मग थांबतो.

कोरी_पाटी, तुमची पीडीपीटी दोन्ही पीएमएल४ नोंदींनी वाटून घेतली होती. तुम्ही पीएमएल४ ची ० वी नोंद पुसलीत, पण पीडीपीटीची ० वी नोंद जिवंतच आहे. त्यामुळे तीच खालची मेमरी अजून हेक्स एफएफएफएफ-एफएफ८०-००००-०००० या पत्त्यावर दिसते, लिहिता येईल अशी. टीएलबीचा याच्याशी संबंध नाही, टेबलातच ती आहे, त्यामुळे इथे 'इन्फो टीएलबी' खरं सांगेल. पीडीपीटीची ती नोंदही पुसा, आणि तुमच्या तपासणीत हा पत्ता चौथा म्हणून घाला.

दुसरं, पुढे कधीतरी पीसीआयडी (टीएलबी नोंदींना पत्ता-अवकाशाचा क्रमांक लावणारी सोय) चालू कराल. २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षा त्रुटी उघड झाल्यावर कर्नल आणि युजर टेबलं वेगळी ठेवणं भाग पडलं आणि पीसीआयडीला खरं मोल आलं. लिनक्सने ते आधीच, २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत, वापरायला घेतलं होतं. ते चालू असताना सीआर३ मध्ये लिहायच्या किमतीचा ६३ वा बिट १ असेल तर ते लेखन काहीच साफ करत नाही. आणि ते चालू करताना सीआर३ चे खालचे १२ बिट शून्य नसतील तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. इंटेलच्या काही संकरित प्रोसेसरांवर तर, अल्डर लेक त्यातला एक, पीसीआयडी चालू असताना इन्व्हलपीजी ग्लोबल नोंदी पूर्ण साफ करत नाही असा दोष निघाला. लिनक्सने २०२३ मध्ये अशा मशीनवर बूटच्या वेळीच पीसीआयडी बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणून चालू करण्याआधी प्रोसेसरचं मॉडेल तपासणारा कोड लिहून ठेवा, आणि ती तीन-चार पत्त्यांची तपासणी त्यानंतर पुन्हा एकदा चालवा.